पाहायला आलेली माणसं

ताईबाईने पोह्यांची बशी खाली ठेवली, बोटं चाटली आणि म्हणाली, "पाय दखाडा ना जरा पोरना."

सविताने मांडीवरच्या पोरीचं दुपटं बाजूला केलं. ताईबाई पुढे सरकली. तिने टाच धरली, पायाची बोटं एकेक करून ताणून पाहिली, मग दुसऱ्या पायाची. टाचेवर पिवळा तेलकट डाग उमटला. सविता हसत राहिली. पाहुण्यांसमोर हसायचंच असतं.

पोर महिन्याची होती. पुनमची. पुनम म्हणजे सविताची मुलगी, बिनलग्नाची. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिला बाहेर आणू नका, असं साक्रीच्या मंडळींनी आधीच कळवलं होतं. सविताच्या नवऱ्याने आज मुद्दाम दिवसपाळी घेतली होती.

पोर दत्तक द्यायची, हे घरात ठरलं होतं. कुणाला, एवढंच ठरायचं होतं. पुनमने धुळ्याच्या संस्थेतल्या बाईंशी बोलून ठेवलं होतं. तिथे एकदा सोपवली की कुठल्या गावी गेली, कुणाच्या घरी वाढली, काही कळणार नव्हतं. सविताला तेच सोसवत नव्हतं. म्हणून तिच्या भावाने, अभिमनने, हे लांबच्या नात्यातलं घर काढलं. ताईबाईचा मुलगा भूपेंद्र आणि सून सुलक्षणा. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. इथून, नरडाण्याहून, साक्री म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं.

मूल पाहायला येणाऱ्यांचं काय करायचं असतं, हे सविताला ठाऊक नव्हतं. मुलगी पाहायला येतात तेव्हाचं ठाऊक होतं. तिने तेच केलं. पलंगावर नवी चादर घातली, पोहे केले, पोरीला झालरीचा फ्रॉक घातला आणि तोंडाला पावडर लावली.

"तिला पावडर कशाला?" पुनमने सकाळी विचारलं होतं. सविता डबीचं झाकण लावत राहिली होती.

"रंग ते उजळ शे," ताईबाई म्हणाली. "नाक बसकं शे, पन वर येई."

मग तिने पोरीच्या तोंडात बोट घालून टाळू चाचपली. पोर ते बोट चोखू लागली. "भुकेली शे," म्हणत ताईबाई हसली आणि बोट फ्रॉकच्या झालरीला पुसलं.

"बाप कोन शे?" ताईबाईने आवाज खाली आणला. "आपलामाच शे ना?"

"आपल्यातलाच, मावशी. चांगल्या घरचा," अभिमन घाईने म्हणाला. त्याला माहीत नव्हतं. पुनमने कुणालाच सांगितलं नव्हतं.

भूपेंद्रने फोनमधून डोकं वर काढलं. "आधी सगळ्या तपासण्या करून घेऊ. रक्त, कान, डोळे. मागून कटकट नको."

सुलक्षणाने पोह्यांना हात लावला नव्हता. आल्यापासून ती पोरीकडेच पाहत होती. तिने पदराला दोन्ही हात पुसले आणि पुढे केले. ताईबाईने ते हात तिथेच दाबले.

"पहिले पक्कं होऊ दे."

सुलक्षणाने हात मांडीवर ठेवले.

"तुमी येत जा साक्रीले," ताईबाई सविताला म्हणाली. "मावशी म्हनीसन. आमनी काही ना नही."

सविताने मान वर केली. ह्याच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी जायचं, पोरीला खाऊ द्यायचा, रांगताना पाहायचं, चालताना पाहायचं. ती हो म्हणणार, तेवढ्यात ताईबाईने बशीतला शेवटचा घास तोंडात टाकला.

"एक-दोन महिना ठेई देखसूत," ती घास चावत म्हणाली. "नही जमनं ते परत आनी देसूत. घरनीच गोट शे."

चहा झाला. मंडळी उठली. "घरी बोलसूत आनि कळाडसूत," ताईबाई म्हणाली.

सविताच्या वेळीही लोक हेच म्हणून उठायचे. ती भिंतीशी मान खाली घालून उभी असायची. तोंडावर पावडर असायची.

"कळाडू नका," सविता म्हणाली. "आम्हले पसंत नही."

अभिमन हसायला गेला, पण ते जमलं नाही. "अक्का, अशी काय बोलतेस? पसंत-नापसंत पाहायला आलेल्यांनी सांगायची असते."

"आम्हीबी देखंच ना त्यासले."

ताईबाईने पदर खोचला. "असली पोर, नि वर हाई मिजास," म्हणत ती पायरी उतरली. भूपेंद्र तिच्या मागे गेला. सुलक्षणा चप्पल घालता घालता परत आली. तिने नुसता पोरीचा फ्रॉक ओढून पायांवर घेतला आणि निघून गेली. तिच्या तोंडाकडे सविताला पाहवलं नाही.

अभिमनही गेला. सविताने ओलं फडकं आणलं आणि पोरीचं तोंड पुसलं. पावडर निघाली. खालून सावळा रंग वर आला. पुनमचा. तिचा स्वतःचाही.

पुनम आतून येऊन शेजारी बसली. "धुळ्याला तिला असंच न्यायचं," ती म्हणाली.

सविताने मान डोलावली. मग तिने पोरीचा पाय हातात घेतला आणि टाच पुसायला लागली. हळदीचा डाग फिका झाला, मग दिसेनासा झाला. ती पुसतच राहिली.

"आई, डाग कधीच गेला," पुनम म्हणाली.

सविताने टाच सोडली नाही.