उष्टं

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींची लाळ तपासली. थोरलीच्या तोंडात दात किडवणारे जंतू खच्चून भरलेले निघाले, धाकटीच्या तोंडात औषधालाही नाहीत.

"एकाच आईच्या लेकी, आणि एवढा फरक?" थोरली म्हणाली.

"हे जंतू बहुतेकांना आईकडूनच येतात. ती चाखून, उष्टं भरवते ना. तुम्हाला आईने भरवलं असेल. यांना?"

"काकूने," धाकटी म्हणाली. "सहा महिन्यांची होते, तेव्हा आईने मला तिच्या ओटीत घातलं. काकू मला दुसऱ्याची ठेव म्हणून जपायची. वाटी-चमचासुद्धा वेगळा."

"नशीबवान आहात. म्हातारपणीही चणे खाल."

धाकटी हसली नाही.

बाहेर आल्यावर दोघी बाकावर बसल्या. थोरलीने दवाखान्याच्या मशीनमधून एक चहा आणला आणि अर्धा संपवला.

"ताई, म्हणजे तुझ्या तोंडात आहेत ते आईचेच?"

"तिचेच. आई गेली आणि मला तेवढंच ठेवून गेली बघ."

"मग माझी वाटणी दे," म्हणत धाकटीने तिच्या हातातला उष्टा कप ओढून घेतला.