विकतचे लाडू

इंदूताई खेरडेकर कमानीखाली उभ्या राहिल्या आणि दिवा तिसऱ्यांदा लाल झाला. विमान सुटायला अर्धा तास उरला होता, आणि तिकडे टोरांटोत लेकीचे दिवस भरत आले होते.

फौजदार रोहिणी ठोंबरे शांतपणे पुढे आली. विमानतळावर हल्ली कुणाचं सामान उचकत नसत. माणसाने मनात काय दडवलंय, ते ही कमानच हुडकून काढायची.

“काकू, जे लपवताय ते बोलून टाका. बोललं की दिवा हिरवा होतो.”

“मी कशाला काय लपवू, बाई?”

दिवा लालच राहिला. इंदूताईंनी हातातला डबा छातीशी धरला.

“हे डिंकाचे लाडू विकतचे आहेत. लेकीला सांगितलंय, मीच वळले म्हणून. हात थरथरतात आता माझे. तिला कळलं तर स्वतःचं बाळंतपण सोडून माझीच काळजी करत बसेल.”

दिवा हिरवा झाला. रोहिणीला बरं वाटलं. पूर्वी याच जागी ती लोकांच्या लोणच्याच्या बरण्या काढून घ्यायची; त्यापेक्षा हे काम तिला आवडायचं.

सुटकेच्या आनंदात इंदूताईंनी एक लाडू तिच्या हातावर ठेवला. रोहिणीने कमानीखालीच उभ्याउभ्या घास घेतला. नुसती साखर, डिंक नावाला.

“अगदी घरच्यासारखे झालेत, काकू. लेकीला कळायचंसुद्धा नाही.”

तिच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला.

“बोलून टाक, बाई,” इंदूताई हसत म्हणाल्या, “बोललं की हिरवा होतो.”