मटणाआधीची वाइन
वाइनच्या दुकानात कोणत्या पदार्थाला कोणती वाइन, हे सांगण्यात त्याची दहा वर्षं गेली होती. पण वसंतातल्या सुट्टीच्या या जेवणावर त्याचं लग्न अडलं होतं. होणाऱ्या सासूबाईंनी भाजलेल्या मटणाचं ताट पुढे सरकवलं. “सांगा पाहू दुकानदार, याच्यासोबत कोणती शोभेल?” त्याने घास चावला, चावला, चावतच राहिला. मटण बाहेरून कोळसा, आतून चप्पल होतं. सासरे टेबलाखाली त्याचा पाय दाबत कुजबुजले, “जपून बोला हं. तीस वर्षं मी जपूनच बोलतोय.” त्याने गंभीरपणे सोबत आणलेली बाटली उघडली. “इतक्या भारदस्त मटणासोबत वाइन घेत नाहीत, आधी घेतात. प्रत्येकी दोन पेले.” दुसऱ्या पेल्यानंतर सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा मटण पुन्हा वाढून घेतलं. सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरात ओढलं. “माझं मटण मला ठाऊक आहे, जावईबापू. पुढच्या सुट्टीला दोन बाटल्या आणा.”