कानाचं रक्त

डॉक्टर तनुजा काचपट्टीवर निळा रंग ओतत होत्या आणि आप्पासाहेब त्यांच्या अगदी मागे उभे होते. प्रयोगशाळेत बाहेरच्या माणसाने यायचं नसतं, असं त्यांना सांगून झालं होतं. ते हलले नव्हते. मांजरी गावापासून डॉक्टरांच्या गाडीमागे मोटारसायकल लावूनच ते आले होते. वाटेत काच बदलली तर?

सकाळी त्यांची म्हैस गोठ्यात मरून पडलेली सापडली. आदल्या संध्याकाळी तिने नीट दूध दिलं होतं. नाकातून काळपट रक्त आलं होतं आणि ते गोठत नव्हतं. विष कोणी घातलं, याबद्दल आप्पासाहेबांना शंका नव्हती. चुलतभाऊ पृथ्वीराजला त्याचं रान बिल्डरला द्यायचं होतं आणि रानाकडे जायचा रस्ता आप्पासाहेबांच्या गोठ्यावरून निघत होता. पोट फाडा, विष सापडेल, असा त्यांनी धोशा लावला. तनुजांनी साफ नकार दिला. म्हशीच्या कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त त्यांनी काचेवर घेतलं, कोणीही तिला हात लावू नका म्हणून बजावलं आणि त्या निघाल्या. ही बाईसुद्धा पृथ्वीराजला सामील आहे, हे आप्पासाहेबांनी तेव्हाच ओळखलं. निघता निघता त्यांनी मुलाला, संतोषला, बाजूला घेतलं. गाडी वळली की म्हैस उघड आणि पोटातला चारा डब्यात भरून ठेव, असं सांगितलं.

तनुजांनी काच पाण्याखाली धरली, वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन वाजला. संतोष होता. पृथ्वीराजकाकाने कोयता हिसकून घेतला होता आणि तो म्हशीच्या आडवा उभा राहिला होता.

आप्पासाहेबांना बरं वाटलं. "बघा मॅडम. उघडू देत न्हाय. चोराच्या मनात चांदणं."

"काय उघडू देत नाहीत?" तनुजांनी विचारलं.

आप्पासाहेबांनी चालू फोन पाठीमागे धरला. तनुजांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळा भिंगाला लावला. मग उठून त्यांनी जागा करून दिली.

आप्पासाहेब वाकले. उसाची कांडी तोडून एकापुढे एक मांडावीत तशा निळ्या काड्या दिसल्या. प्रत्येकीभोवती गुलाबी सायीसारखं काहीतरी होतं.

हे विष नाही, काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू आहेत, असं तनुजांनी सांगितलं. म्हैस उघडली तर ते गोठ्याच्या मातीत वर्षानुवर्षं राहतील. आणि उघडणाऱ्याच्या हाताला साधा ओरखडा असला, तरी त्यातून आत शिरतील.

"ही काच माझ्याच म्हशीची कशावरून?"

"अहो, मांजरीपासून माझ्या मागे तुम्हीच होतात ना?"

आप्पासाहेब पुन्हा भिंगाशी वाकले. काड्या तशाच होत्या. संतोष कालच उसाचं पाचट काढून आला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत कापलेले होते.

फोन अजून चालूच होता. आप्पासाहेबांनी तो कानाला लावला आणि काकाकडे दे म्हणून सांगितलं. जमिनीची मोजणी झाल्यापासून दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

"पृथ्वी, पोराला म्हशीजवळ जाऊ देऊ नको."

"बरं."

तिथेच फोन ठेवता आला असता. पण आप्पासाहेबांना राहवेना.

"हात लावायचा न्हाय, हे तुला कसं रे ठावं?"

"मॅडम सांगत होत्या, तवा मी बांधावरच हुतो, दादा," पृथ्वीराज म्हणाला. "तुमी नुसतं माझ्याकडंच बघत हुता."