घरी करता तसं

शालिग्राम गुरुजींनी सतरंजीवर फतकल मारली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं बडवायला सुरुवात केली. "नाई! मी नाई! मले नाई जेवाचं!" साठी ओलांडलेला माणूस पोरासारखा गळा काढत होता. समाजमंदिरात बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. देवला तेवढी हसली नाही. ती उभी होती आणि तिचे कान तापले होते.

हा खेळ निकिता मॅडमचा. मानोऱ्याच्या आसपासच्या गावांत, तांड्यांत चावणारी, डोकं आपटणारी, हाताला येईल ते भिरकावणारी पोरं होती. आईबापांची वागणूक बदलली तर ही पोरं निवतात का, यावर मॅडमचं संशोधन चाललं होतं. दर गुरुवारी एका मोठ्या माणसाने मूल व्हायचं, दुसऱ्याने त्याचा पालक. मॅडमची अट एकच. "घरी करता तसंच करा. मी रागावणार नाही. खरं कळलं नाही, तर उपाय कुठून काढू मी?" पण खरं करतो कोण! पालक झालं की जो तो साखरेत घोळून बोलायचा, पाठीवरून हात फिरवायचा. घरी मात्र त्याच हाताने पाठ सोलायचा.

आज चिठ्ठ्या निघाल्या. गुरुजी मूल झाले, देवला त्यांची माय. देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही, असं देवलाला वाटलं.

तिचा राजपाल सहा वर्षांचा होता तेव्हा गुरुजी गावच्या शाळेत हेडमास्तर होते. घंटा वाजली की राजपाल कानावर हात ठेवून किंचाळायचा, वर्गभर पळत सुटायचा. एकदा देवला कापूस वेचून लवकर परतली आणि शाळेवरून गेली. राजपाल एका पायाला दावं लावून आवारातल्या कडुनिंबाला बांधलेला. भोवती पोरं, त्याला खडे मारणारी. गुरुजी व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. ती रडली, पाया पडली. गुरुजींनी पेपरातून डोकं वर केलं नाही. "याले घरीच ठेवत जा. शाळा मानसाच्या पोराईसाठी असते." राजपालची शाळा तिथेच संपली. देवलाने त्या दिवशी जे गिळलं, ते आजवर पचलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी गुरुजी नातवाचा, हरीओमचा हात धरून या दारात उभे राहिले. तोही तसाच, भिंतीवर डोकं आपटणारा. देवलाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोराची कीवही आली, पण आनंद आधी आला. त्यात गुरुजींनी तिला विचारलं, "बाई, तुमी कोन्त्या गावच्या?" यांनी तिच्या लेकराचं मातेरं केलं आणि यांना तिचं तोंडसुद्धा आठवू नये!

"देवलाताई, तुमचं मूल रडतंय," मॅडम म्हणाल्या. "काय करता घरी?"

देवलाने पिशवीत हात घातला. बैठक सुटली की तिला तशीच निंदणाला जायचं होतं. भाकर, विळा, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत होतं. त्यातून तिने दावं काढलं. गुरुजींचा पाय ओढला, घोट्याला दोन वेढे दिले आणि दुसरं टोक खांबाला आवळलं. राजपालला बांधताना गुरुजींना शिपायाची मदत लागली होती. देवलाला कुणाची लागली नाही.

"बोंबल आता," ती म्हणाली. "पाह्यतो मी बी, किती बोंबलतं त."

हसणाऱ्या बायांचे पदर तोंडावरून खाली आले. मॅडम उठल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. गुरुजींनी पायाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"तू... त्या राजपालची माय?"

"वळखलं ना? दाव्यानं बरी वळख पटली तुमाले!"

"चुकलो, बाई." गुरुजींनी खरोखर हात जोडले. "हरीओम झाला तवापासून रोज आठोते मले ते. सोड आता. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. माह्या लेकराले बी पाह्यलं लोकाईनं."

तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि हे सुख एकटीने का खायचं? कोपऱ्यात तेरा वर्षांचा राजपाल सतरंजीचे दोरे उपटत बसला होता. तिने त्याला हाक मारली. "ये, बापू. पाह्य, कोन बांधलेलं हाये आज!"

राजपालने मान वर केली. त्याने गुरुजींकडे पाहिलंच नाही. त्याची नजर फक्त खांबाला आवळलेल्या दाव्यावर होती. तो किंचाळेल, पळत सुटेल, म्हणून बाया आपापली पोरं आवरून बसल्या. पण तो शहाण्यासारखा चालत आला आणि खांबाला टेकून गुरुजींच्या शेजारी बसला.

मग त्याने पॅन्ट घोट्याच्या वर सरकवली आणि रोज शेतात गेल्या गेल्या बांधावरच्या बाभळीखाली करायचा तसा, आईपुढे आपला पाय केला.