अज्ञात कवी

"ओळखा वृत्त!" सरांनी खडू टेबलावर आपटला. फळ्यावर दोनच ओळी होत्या.

तुझ्यावीण वाटे घरी रिक्त सारे
जणू भोवती गोठले चंद्र-तारे

खाली कवीचं नाव म्हणून सरांनी 'अज्ञात' असं लिहिलं होतं. अज्ञात कसला, ते स्वतःच! बायको गेल्यापासून ते असल्याच कविता पाडत होते. आता त्यांचं बाड झालं होतं आणि ते छापायला द्यावं की चुलीत घालावं, या घोरानं त्यांची झोप उडाली होती. चार जाणत्यांना दाखवायची छाती नव्हती. उरला दहावीचा वर्ग. ज्या पोरांना ते रोज उठून दगड म्हणत, त्याच दगडांना आज कौल लावायची पाळी आली होती.

"बोला की! मूग गिळून काय बसलात?"

"भुजंगप्रयात, सर," मागच्या बाकावरचा एक लंबूटांग उठला. "लगागा, लगागा, लगागा, लगागा."

वर्गात खसखस पिकली. पोरं सरांच्या माघारी त्यांना 'लगागा' म्हणत, हे सरांनाही ठाऊक होतं. एरवी त्यांनी त्या लंबूटांगाची सालटी काढली असती. आज त्यांनी राग गिळला.

"यमक?"

"सारे, तारे. अंत्ययमक."

"अलंकार?"

"उत्प्रेक्षा. 'जणू' आलंय ना सर, मग तीच."

"आणि रस?"

"करुण," खिडकीजवळच्या मुलीनं जांभई देत सांगितलं.

सगळं बरोबर होतं. कोबी चिरावा तशी कविता चिरून झाली होती आणि पोरं आता घड्याळाकडे बघत होती. तुझ्यावीण म्हणजे कुणावीण, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली ही जनावरं! एका माणसाचं घर बसलं आणि यांना त्यात काय दिसलं, तर उत्प्रेक्षा! यांच्यापुढे कविता ठेवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. पण गाढवांचा का होईना, कौल हवाच होता. त्यांचा जीव त्यात अडकला होता.

त्यांनी खडूचे हात रुमालाला पुसले. मग कधी नव्हे ते खुर्चीत न बसता पहिल्या बाकाजवळ येऊन उभे राहिले.

"बरं, ते राहू द्या," ते म्हणाले. आवाज ऐनवेळी चिरकला. "मला सांगा... आवडली का कविता?"

पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. असला प्रश्न या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. लंबूटांगानं हळूच पुस्तकाची पानं चाळून पाहिली, पण तिथंही काही सापडेना.

शेवटी वर्गात दर वर्षी पहिली येणारी मुलगी उठली. सरांची सगळ्यात लाडकी. तिनं पेनाचं टोपण काढलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि मोठ्या आदरानं विचारलं,

"सर, आवडली म्हणायचं की नाही आवडली? तुम्ही सांगाल ते पाठ करते."