डावा गाल

फोटो हातात घेतला आणि म्हाळसाबाई हबकलीच. फोटोतल्या बाईचा डावा गाल गुळगुळीत होता. डागाचा मागमूससुद्धा नव्हता.

"ह्यो कुणाचा फोटो हाय?"

"तुमचाच की, मावशी," स्टुडिओवाला गौरीशंकर कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला.

दिवाळीच्या तोंडावर तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्यात दारू भडकली, तेव्हा तिचा गाल पार कानापर्यंत भाजला होता. मालक सांगत फिरत होता, बाईला नुसतं खरचटलंय. तहसीलच्या साहेबांपुढं ठेवायला पुरावा हवा, म्हणून तर ती तालुक्याच्या गावी, वाशीला, फोटो काढायला आली होती.

काउंटरवर एक जाडजूड अल्बम पडला होता. मालकाच्या मुलीच्या लग्नाचा. म्हाळसाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"मालकानं सांगितलं व्हय पुसायला?"

"काय बोलताय मावशी! मशीनच आपोआप चेहरा साफ करतं. लग्नाच्या फोटोंसाठी तसं लावून ठेवलंय. थांबा, दुसरा काढतो."

दुसरा फोटो घेऊन ती भिंतीवरच्या आरशासमोर गेली. गालाशेजारी धरून बघितला. फोटोतला डाग लालभडक होता, ओल्या जखमेसारखा. तिचा तर कधीच वाळून तपकिरी पडला होता, कातडी आवळून गेली होती.

"हे बी खोटं हाय."

"साहेबाला दिसाया नको का? जरासा रंग चढवला. तुमच्याच फायद्याचं हाय."

"उद्या मालकाचा वकील म्हणंल, बाई रंग फासून आली. मग?" तिनं त्याच्याकडं रोखून बघितलं. "आन् मघाशी पुसलं ते मशीननं. आता चढवलं ते कुणी?"

गौरीशंकर पुन्हा कॉम्प्युटरकडं वळला.

म्हाळसाबाई सरळ काउंटरच्या आत गेली आणि त्याच्या खांद्याशी उभी राहिली. तो कुठं काय दाबतो ते डोळ्यांत तेल घालून बघू लागली.

"कायबी लावायचं न्हाय. कायबी काढायचं न्हाय."

तिसरा फोटो मशीनमधून सावकाश बाहेर सरकला. या वेळी ती आरशाकडं गेली नाही. तिनं तो गौरीशंकरच्याच पुढ्यात धरला.

"बघा."

त्यानं बघितलं. क्षणभरच. मग त्याची नजर हळूच खाली, टेबलाच्या कडेकडं घसरली. दवाखान्यातून घरी आल्यापासून तिच्या तोंडाकडं बघणाऱ्या प्रत्येकाची घसरायची, तशीच.

"ह्यो द्या," म्हाळसाबाई म्हणाली. "बरोबर आलाय."